तेहतिसावा खवला

चित्रातल्या माशाला एक खवला जास्त होता. कल्ल्यामागून शेपटीच्या मुळापर्यंत, अंगाच्या मधल्या रांगेत, मी सुईचं टोक कागदाला न लावता हळूहळू मोजत गेलो आणि तेहतीस भरले. तक्त्यात याच माशापुढे, मुलुंडच्या खाडीच्या एकेचाळीस नंबरपुढे, बत्तीस लिहिलं होतं आणि तो आकडा माझा होता. मला राग आला तो चुकीचा नाही, दिरंगाईचा. आमचे प्रमुख डॉ. तेलंग यांचा लेख पुढच्या आठवड्यात टपालात पडायचा होता आणि चित्र पुन्हा काढायचं म्हणजे आणखी चार दिवस. मी नंदकुमारला बोलावलं. हा मुलगा सकाळी अंधेरीच्या एका स्टुडिओबाहेर सिनेमाची पोस्टरं रंगवायचा आणि दुपारी तिथल्याच एका बंगल्यातल्या आमच्या संशोधन केंद्रात येऊन मासे काढायचा. "अहो सामंतसाहेब," तो म्हणाला, "पोस्टरात मी दहा गोष्टी पदरच्या घालतो. नटीला कंबर नसली तरी देतो. इथं कशाला घालू? बरणीतला मासा काढा आणि मोजून घ्या ना." मी म्हटलं, चित्रकार मोजत नसतात. "मी मोजतो यार. खवले मोजले नाहीत तर शेपटीपाशी जागा उरते, मग वाट लागते चित्राची." यार म्हणाल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तो जीभ चावून बाहेर बिडी ओढायला गेला. मी एकेचाळीस नंबरचा मासा बरणीतून काढला, ट्रेमध्ये ठेवला, भिंग पुढे ओढलं. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरले. तेहतीस होते. मी बेचाळिसावा काढला. तक्त्यात तेहतीस, माशावर चौतीस. त्रेचाळिसावा मी काढला नाही. बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि घरी जायला अजून दोन तास होते तरी टेबल आवरायला लागलो.

काम तसं सोपं होतं, निदान सांगायला. मुंबईभोवतीच्या सहा खाड्यांतून बोय नावाचा मासा आणायचा, प्रत्येक खाडीतून दोनशेचाळीस नग. प्रत्येकाचे खवले मोजायचे, खवल्यांच्या आडव्या रांगा मोजायच्या, कल्ल्यातले दाते मोजायचे. मग हे सगळे आकडे एकत्र घेऊन कुठल्या खाडीचा मासा कुठल्या खाडीच्या माशापासून किती लांब आहे, ते अंतर काढायचं. लांब म्हणजे मैलांनी नव्हे, ठेवणीनं. ही पद्धत मी कलकत्त्याला सहा महिने राहून शिकून आलो होतो. सगळ्यांत जवळचे दोघे आधी एकत्र ठेवायचे, मग त्यांच्या जवळचा तिसरा घ्यायचा, आणि एखादा आत घेतल्याबरोबर अंतर एकदम फुगलं की त्याला बाहेर ठेवून नवा गट सुरू करायचा. हाताच्या यंत्रावर ही आकडेमोड करायला मला आणि माझी मदतनीस मृणालिनी हिला पाच महिने लागले. ती दांडा फिरवायची, मी वाचायचो. वसई, गोराई आणि मालाड या पश्चिमेच्या खाड्यांचा एक गट पडला. माहूल आणि तुर्भे यांचा दुसरा. मुलुंडची खाडी ही त्याच पाण्याचं वरचं टोक, तेव्हा ती माहूलच्या गटात जाऊन बसणार हे कुणीही शाळकरी पोरानं सांगितलं असतं. ती बसली नाही. ती एकटी पडली. मुलुंडच्या बोयचे सगळेच आकडे थोडे कमी होते आणि तो कमीपणा इतका सारखा होता की डॉ. तेलंगांनी तक्ता पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. भांडुपपासून मुलुंडपर्यंत नवे कारखाने उभे राहिलेत, त्यांचं रंगीत पाणी खाडीत येतं. पाणी बदललं आणि मासा बदलला. नवी उपजात. डॉक्टर जूनमध्ये निवृत्त होणार होते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी नावं ठेवलेले मासे ओळखण्यात घालवली होती. त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले आणि मला म्हणाले, "सामंत, तुमच्यासारखा कोरडा माणूस होता म्हणून हे सापडलं. दुसरा असता तर पहिल्या महिन्यातच त्याला काहीतरी वाटायला लागलं असतं." मला हे कौतुक आवडलं होतं. मला ते खरंही वाटत होतं.

खरं वाटायला कारण होतं. मुलुंडचे मासे मोजायला घेतले त्याच्या दोनच दिवस आधी मी मालवणकडून परत आलो होतो. पंचावन्न सालच्या नोव्हेंबरात आबा, माझे वडील, गेले. तार आली, मी भाऊच्या धक्क्यावरून बोट धरली, पोचलो तोवर धाकट्या भावानं, सहदेवानं, अग्नी दिलेला होता. ओटीवर बसलो तर लोक येत होते, रडत होते, जात होते. मी बघत राहिलो आणि थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की मी त्यांचे गट पाडतोय. दारातूनच रडत येणाऱ्या बायका एका बाजूला. आत येऊन, आईला पाहून, मग रडणाऱ्या दुसऱ्या बाजूला. पुरुषांत खाकरणारे आणि न खाकरणारे. सहदेव कुठल्याच गटात चपखल बसत नव्हता, तो कामाच्या मधेच माजघरात जाऊन हुंदके देऊन परत यायचा, म्हणून त्याला मी बायकांच्या दुसऱ्या गटाजवळ ठेवला. तेरा दिवस हे चाललं. शेवटी राहिलो मी. मला स्वतःला कुठं ठेवावं हे कळेना. मला दुःख झालं नव्हतं असं नाही, पण दुःख झालं असंही मला सांगता येत नव्हतं. आत हात घालून चाचपावं आणि काहीच लागू नये, असं ते होतं. परतीच्या बोटीवर माझी बायको रत्नप्रभा रेलिंगला टेकून समुद्राकडे बघत म्हणाली, "तुमी एक टिपूस गाळूक नाय. माका भिती वाटता हो तुमची." ती भांडायला म्हणाली नव्हती. तेच वाईट होतं. त्यानंतर सव्वा वर्ष मी हा प्रश्न अधूनमधून बाहेर काढून पाहिला होता आणि दर वेळी उत्तर एकच येत होतं: माझ्यात ती गोष्ट नाही. काही माणसांना गाण्यातलं कळत नाही, तसं. भय वाटलं ते एवढ्याचंच की उद्या आई गेली, रत्नप्रभा गेली, तरीही मी असाच बसून गट पाडत राहीन.

त्या संध्याकाळी घरी जेवताना मी भात नुसता कालवत राहिलो. रत्नप्रभानं विचारलं, "काय झाला? हापिसात कोण काय बोललो?" मी म्हटलं, एका माशाला खवला जास्त निघाला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ताटात आमटी वाढली. आमच्या मुलुंडच्या खोलीच्या मागच्या खिडकीतून तेव्हा मिठागरं दिसायची, त्यांच्यापलीकडे खाडी. तीनशे वेळा मी त्या खिडकीत उभा राहिलो असेन, पण त्या पाण्यात माझे मासे असतात असं मला कधी वाटलं नव्हतं. माझे मासे अंधेरीला बरण्यांत होते. सगळी रात्र मला एकच हिशेब छळत राहिला. एखादा खवला चुकला तर कधी जास्त चुकेल, कधी कमी. शेकड्यांनी मासे मोजले की अशा चुका एकमेकींना खाऊन टाकतात. मला शिकवलं होतं ते हेच. पण माझी चूक दोन्ही वेळा एकाच बाजूला गेली होती, एकानं कमी. एकाच बाजूला जाणाऱ्या चुकीमागं कुणीतरी असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणालिनी आल्याबरोबर मी तिला वही घेऊन समोर बसायला सांगितलं. ती बी.एस्सी. झालेली, घाटकोपरहून यायची, हसरी होती आणि चुका माझ्यापेक्षा कमी करायची. मोजताना मी मोठ्यानं म्हणायचो, शेवटचा आकडा ती लिहायची. मुलुंडचे मासेही आम्ही असेच मोजले होते. मी पहिला मासा ट्रेमध्ये घेतला. एक, दोन, तीन. बत्तीस. तिनं जुना रकाना पाहिला, म्हणाली, "इथं एकतीस आहे." दुसरा. चौतीस, रकान्यात तेहतीस. तिसरा, चौथा. पाचव्याला ती पेन खाली ठेवून म्हणाली, "सामंतसाहेब, आज तुम्ही लाभ म्हणत नाही."

"काय म्हणत नाही?"

"लाभ. तेव्हा म्हणायचात ना, दर मोजणीला, खवले असोत की दाते. लाभ, एक, दोन, तीन. मला वाटलं तुमच्याकडं तशी पद्धत असेल. आमची आजी तांदूळ मोजताना म्हणायची, पण ती लाभ झाल्यावर दोन म्हणायची. तुम्ही एक म्हणायचात." मग तिचा चेहरा उतरला. "अगंबाई. म्हणजे पहिला खवला धरलाच नाही आपण."

मी तिला म्हटलं, मी असं म्हणत नव्हतो. ती म्हणाली, म्हणत होतात. मी म्हटलं, तुला तेव्हा का सांगता आलं नाही? ती म्हणाली, "तुमच्या घरी नुकतंच सुतक होऊन गेलेलं. तुम्हाला कुणी काही विचारत नव्हतं तेव्हा." तिनं हे फार साधेपणानं सांगितलं आणि मी सुई ट्रेच्या कडेला ठेवून दिली. आबांचं मालवणजवळ दुकान होतं, तांदूळ, नाचणी, कुळीथ. पोत्यातून माप भरण्याआधी ते एक मूठ घेऊन गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायचे आणि म्हणायचे, लाभ. मग माप बुडवायचे: एक, दोन, तीन. गावातले बाकीचे दुकानदार पहिल्या मापालाच लाभ म्हणत आणि दुसऱ्याला दोन. एक हा आकडा तोंडानं घ्यायचा नाही एवढंच. आबांचं वेगळं होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना, नुकता हिशेब शिकलेला शहाणा, त्यांना म्हटलं होतं की दिवसाकाठी तुमच्या मुठी अमुक शेर होतात, महिन्याला इतक्या पायल्या. ते हसले होते. "लाभ मोजूचो नसता रे," म्हणाले. मोजला की तो लाभ राहत नाही, असं काहीतरी पुढं म्हणाले असतील, मला नक्की आठवत नाही. मला ते बावळटपणाचं वाटलं होतं, तेवढं आठवतं. तीस वर्षांत मी तो शब्द उच्चारला नव्हता. आणि त्यांचा तेरावा करून आल्यावर, कोरड्या डोळ्यांनी, अंधेरीच्या एका बंगल्यात, मेलेल्या माशाच्या पहिल्या खवल्यावर सुई ठेवून मी तो दर वेळी म्हणत होतो आणि माझ्या कानांना पत्ता नव्हता.

मला आनंद झाला. हे सांगायला चमत्कारिक वाटतं, पण झालं ते तसंच. पाच महिन्यांची आकडेमोड गेली, डॉक्टरांची उपजात गेली, माझी बढती बहुतेक गेली, आणि मी मृणालिनीसमोर हसू दाबत होतो. मला झालं होतं काहीतरी. तक्त्यात होतं ते, ओळीनं, शाईत, मृणालिनीच्या अक्षरात. मी तसा नव्हतो. मुलुंडची खाडी एकटी का पडली हे आता मला समजत होतं. तिचं अंतर मी काढलं होतं, दशांशाच्या चार घरांपर्यंत, आणि ते पाण्याचं नव्हतं. तिथून उठून रत्नप्रभाला सांगावं असं वाटलं. मग वाटलं, काय सांगणार?

डॉ. तेलंगांना सांगणं भाग होतं. ते खिडकीपाशी लेखाची शेवटची पानं तपासत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, लाभाचं सोडून. मोजण्याची सुरुवात चुकली, पहिला खवला धरला गेला नाही, चूक माझी. त्यांनी कागद खाली ठेवला नाही.

"सगळ्या माशांत?"

"पाहिले त्या सगळ्यांत."

"तुमच्याकडून? सामंत, तुमच्याकडून?" ते म्हणाले, "नाव ठरवलं होतं हो मी. घरी सांगून टाकलं." मग थोडा वेळ त्यांचं तोंड म्हाताऱ्या माणसाचं झालं, आणि पुन्हा डॉक्टरांचं. "ठीक आहे. गेली तर गेली. सोपं आहे, प्रत्येक आकड्यात एक मिळवा आणि अंतरं पुन्हा काढा. लेख उपजातीविना जाईल. मासे पुन्हा मोजत बसू नका, वेळ नाही."

"तसं करता येणार नाही," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं की का. मुलुंडची सरासरी माहूलपेक्षा एकानं कमी नव्हती. ती पाऊणच्या जरा आत होती, साधारण पॉइंट बहात्तर. खवल्यांत तेवढीच, दात्यांत जवळजवळ तेवढीच. दोनशेचाळीसही मासे एकानं कमी मोजले असते तर फरक पुरता एक आला असता. "काही मासे बरोबर मोजलेत," मी डॉक्टरांना सांगितलं. "कुठून ते मोजल्याशिवाय कळणार नाही." त्यांनी मला आठ दिवस दिले. जिना उतरताना मी मनात गुणाकार केला, करायचा नव्हता तरी झाला. दोनशेचाळीस गुणिले पॉइंट बहात्तर. एकशे बहात्तर, एकशे त्र्याहत्तर, त्याच्या आसपास कुठंतरी मी लाभ म्हणायचा थांबलो होतो.

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. मृणालिनी जुना रकाना झाकून ठेवायची आणि मी आकडा सांगितल्यावर उघडायची. एकानं कमी. एकानं कमी. एकानं कमी. दर वेळी ती "पुन्हा" म्हणायची, वैतागून, आणि दर वेळी मला बरं वाटायचं. चूक सापडली म्हणून कुणाला बरं वाटावं असा हा धंदा नाही, पण मला वाटत होतं. वहीत तारखा होत्या. तेवीस नोव्हेंबर, नऊ मासे. चोवीस, आठ. या दिवशी मी कारकुनाशी रजेच्या अर्जावरून वाद घातला होता, हे मला आठवलं. आणि त्याच दिवशी आठ वेळा आबांची मूठ टाकली होती. डिसेंबर लागला. दोन तारखेला, तीन तारखेला. पाच तारखेच्या माशांना मला वाटलं, माझा गुणाकार चुकलेला असावा. माहूल आणि मुलुंड यांच्यात थोडा खरा फरकही असू शकतो, पाण्याचा, कारखान्यांचा. मग पॉइंट बहात्तरचा अर्थ वेगळा होईल, आणि दोनशेचाळीसही मासे एकानं कमी निघतील. मी मनात तसं मांडून पाहिलं आणि ते गणितात बसतही होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा आकडा चुकीचा असावा म्हणून जीव टाकत होतो.

सहाव्या दिवशी आम्ही एकशे पासष्टपर्यंत आलो. वहीतली तारीख पंधरा डिसेंबर, गुरुवार, एकूण अकरा मासे. एकशे सहासष्ट कमी. अडुसष्ट कमी. सत्तर, एकाहत्तर कमी. एकशे बहात्तरावा मासा लहान होता, शेपटी जरा कुरतडलेली; तो मी दोनदा मोजला, तेहतीस, रकान्यात बत्तीस. मग एकशे त्र्याहत्तरावा. चौतीस, मी म्हटलं. मृणालिनीनं कागद सरकवला आणि तिचा चेहरा फुलला. "चौतीस! बरोबर आहे साहेब." मी म्हटलं, पुढचा घे. पुढचा बरोबर. त्याच्या पुढचा बरोबर. त्या दिवसाचे उरलेले सगळे बरोबर, सोळा तारखेचे बरोबर, दोनशेचाळीसपर्यंत एकही चुकला नाही. आठव्या दिवसाची संध्याकाळ झाली होती. "सुटलो," ती म्हणाली. "एकशे बहात्तरपर्यंत एक मिळवायचा, पुढं हात लावायचा नाही. झकास ना? माहूलच्या गटात जाऊन बसेल आता मुलुंड, गुपचूप."

मी वही माझ्याकडे ओढून घेतली. बहात्तर आणि त्र्याहत्तर या दोन ओळी एकाखाली एक होत्या, एकाच पेनानं, एकाच शाईत लिहिलेल्या. त्यांच्यामधे काही नव्हतं. मी तिला विचारलं, त्या पंधरा तारखेला इथं काय झालं होतं? कुणी आलं होतं? मी कुठं उठून गेलो होतो? ती आठवायला लागली, खरंच मनापासून आठवायला लागली, कारण ती भली मुलगी होती. "काही नाही हो," ती शेवटी म्हणाली. "साधा दिवस असेल. चहा आला असेल." मी एकशे त्र्याहत्तरावा मासा पुन्हा बरणीतून काढला. ती म्हणाली, तो झालाय. मी म्हटलं, असू दे. पहिल्या खवल्यावर सुई ठेवली आणि मोजला, चौतीस. पुन्हा मोजला, चौतीस. तिसऱ्यांदा मी सुई ठेवून थांबलो, तोंडात शब्द येतो का बघत थांबलो, मुद्दाम म्हणायचा नाही, आपोआप आला तर यावा म्हणून. मृणालिनी पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. त्या गुरुवारी, बहुतेक चहा पितापिता, आबा माझ्यातून कायमचे गेले होते, आणि त्या वेळी कुणीही रडलं नव्हतं, कारण ते कुणालाच कळलं नव्हतं. "एक," मी म्हटलं, आणि पुढं मोजत गेलो.